फेसावर चढलेल्या तांब्याच्या मोहिमेची हकीकत

आदौ पाषाण, पाषाणाचे पोटी धातू, धातूवर मनुष्याची नजर आणि नजरेवर साहेबाची सही, ऐसा क्रम पूर्वापार चालत आला आहे. एके समयी सही पुढे निघाली आणि पाषाण मागे राहिला, तेणेकरून जो अनर्थ ओढवला आणि तो ज्या हिकमतीने निवारला गेला, त्याचा तपशील येणेप्रमाणे. आपले वर्तन कागदावर आलेले पाहून ज्यास वाईट वाटेल त्याने वर्तन सुधारावे, कलमावर रुसू नये.

डोंगरापलीकडे तांब्याची खाण होती. तीस वर्षे वरच्या थरातला भला दगड निघत राहिला आणि मग तो सरला. खाली जो थर लागला तो पक्का लबाड. त्यात तांबे थोडे, माती फार, आणि सोन्यासारखे चकाकणारे कवडीमोल लोखंडी खनिज तांब्याच्या गळ्यात गळा घालून बसलेले. मग खाणीच्या कारभारी समितीचे फर्मान प्रयोगशाळेस आले, की तीन महिन्यांत या दगडातून तांबे वेगळे काढण्याची रीत शोधावी. दगडात जेवढे तांबे असेल त्याच्या शंभरातले ऐंशी भाग हाती यावे आणि त्याबरोबर माती येऊ नये. न साधल्यास खाणीस कुलूप पडेल. खाणीवर चारशे घरे जगत होती. ही गोष्ट फर्मानात लिहिली नव्हती, परंतु ती चारशे घरांस ठाऊक होती.

रीत मुळात जुनी. दगड पोलादी गोळ्यांच्या चक्कीत दळावा आणि पाण्यात कालवावा, मग त्यात एक औषध घालावे, की जेणेकरून तांब्याच्या कणांस पाण्याचा तिटकारा येतो, आणि चार थेंब तेल घालून खालून हवा सोडावी. बुडबुडे उठतात, पाण्यास विटलेले कण त्यांच्या पाठीवर बसून वर येतात आणि माती तळाशी राहते. मग वरचा फेस फळीने ओढून सुकवावा. धातूने बुडबुड्यावर स्वार होऊन तरंगावे ही निसर्गाची थट्टा खरी, परंतु जगाचे तांबे त्या थट्टेवरच चालले आहे.

या मोहिमेचे सरदार खुद्द विभागप्रमुख, अहवालधुरंधर, बैठकमार्तंड, सात समित्यांचे सभासद. स्वारीने नऊ वर्षांत फेसास हात लावला नव्हता. अंगावरील पांढऱ्या कोटावर डाग एकच, तोही शाईचा. हाताखाली दोन माणसे खरी कामाची. एक दळणमामा, चक्कीवर उभी हयात गेलेले, आवाजाने कान निम्मे गेले म्हणून पायाच्या तळव्याने चक्की ऐकणारे. दुसरी फेसाच्या टाकीवरची बाई, हुद्दा ‘सहायक, तात्पुरती’, आणि ते तात्पुरतेपण चौदा वर्षे अखंड चालू. कोणी हिणवून तिला फेसवाली म्हणाले आणि तेच नाव रूढ झाले; तिने ते मनावर घेतले नाही. तिचा थोरला भाऊ त्याच खाणीत होता.

मग विभागप्रमुखांनी मसलत भरवली. मसलत म्हणजे स्वारीने बोलावे आणि इतरांनी माना हलवाव्या. हुकूम जाहला, की कण जितका बारीक तितका मोकळा, सबब दळण चाळीस मिनिटे करावे. दळणमामा म्हणाले, "सर, एवढं दळलं तर लगदा होईल." स्वारीने त्यांच्याकडे पाहिले नाही. चाळीस मिनिटे दळले आणि शंभरातले बावन्न भाग तांबे आले. मग स्वारीने कामगारांच्या आळसावर ठपका ठेवला आणि दळण साठ मिनिटांवर नेले, तेव्हा सत्तेचाळीस आले. फौज जसजशी मागे हटे तसतसे सरदार पुढे सरकल्याचे अहवाल लिहीत. अखेर आज्ञा जाहली, की फेस कमी पडतो म्हणून तांबे कमी पडते, सबब तेल चौपट घालावे.

दोन महिने सरल्यावर समिती जातीने पाहणीस आली. अध्यक्षाबाई वयस्क, कमी बोलणाऱ्या, उमेदवारीच्या काळात खाणीत उतरलेल्या. स्वारीने सर्वांस टाकीभोवती उभे केले आणि हवा सोडवली. मग फेस जो उठला तो आवरेना. टाकीचा काठ ओलांडला, मेजावर उतरला, मेजावरचा चकचकीत छापलेला नकाशा गिळला आणि समितीच्या बुटांस वेढा घातला. एक सभासद खुर्चीवर चढले. फेस विजारीच्या काठास भिडला असता विभागप्रमुख डगमगले नाहीत. त्यांनी जाहीर केले, की उत्पादन अपेक्षेहून अधिक वाढले आहे.

अध्यक्षाबाईंनी दोन बोटे फेसात घातली आणि अंगठ्यावर चोळून पाहिली.

"ही तर माती आहे," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी परत येते. तेवढ्यात काही झालं नाही, तर कुलूप."

त्या दिवशी फेसवाली फरशी पुसत असता भावाचा फोन आला. भाऊ म्हणाला, "अगं, इथे लोकांनी सामान बांधायला घेतलंय. तुझी वहिनी विचारतेय, आम्हीपण बांधायचं का?"

तिने टाकीच्या तळचा गाळ चिमटीत धरला होता. "दादा, आठ दिवस थांबा," ती म्हणाली.

"म्हणजे होणार आहे का काही?"

"माहीत नाही. पण थांबा."

फोन ठेवून तिने ती चिमूट मामांपुढे धरली. मामांनी ती बोटांत चोळली. "साबणासारखं लागतंय, पोरी. दगड राहिलाच नाही यात."

"तेच म्हणतेय मी. एवढी बारीक धूळ तांब्याच्या कणांवर चादरीसारखी बसते. मग औषध लागणार कुठे?"

"मग कमी दळू. पण विचारायचं कुणाला?"

"जेवायच्या सुट्टीत कुणी असतं का इथे?"

ऐसा बेत ठरला. दुपारी तमाम प्रयोगशाळा डबे उघडून बसली असता ही दोघे उपाशी पोटी चक्कीवर रुजू होत. पहिल्या दिवशी वीस मिनिटे दळले आणि बासष्ट भाग आले. दुसऱ्या दिवशी पंधरा, तेव्हा चौऱ्याहत्तर. तिसऱ्या दिवशी उतावळेपणाने एकदम आठ मिनिटांवर उतरले तो घात झाला, तांब्यास लोखंड चिकटलेलेच राहिले आणि आकडा अडुसष्टावर कोसळला. चौथ्या दिवशी मामा अनवाणी उभे राहिले, तळव्याने चक्की ऐकत राहिले, आणि एकाएकी हात वर करून म्हणाले, "आता. आता बंद कर." घड्याळात अकरा मिनिटे झाली होती. मग तिने चुन्याची निवळी घालून लोखंडास तळाशी बसवले, औषध मोजून घातले आणि तेल चारच थेंब. फेस आला तो बेताचा, काळसर, उजेडात पितळी झाक मारणारा. तो सुकवून तोलला, क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवला, हिशेब केला आणि आकडा आला चौऱ्याऐंशी. मामांनी चपला घातल्या आणि उलट्या पायांत घातल्या.

पाचव्या दिवशी फेसवालीने आकडा विभागप्रमुखांपुढे ठेवला. आता कोणी म्हणेल की स्वारीस आनंद जाहला असेल. तर म्हणणाराने अशी स्वारी पाहिली नाही. स्वारीचा एकेचाळीस पानी अहवाल तयार होता, त्यात दगडच नालायक असल्याचे सप्रमाण सिद्ध केले होते, आणि दगड लायक ठरता कोण नालायक ठरते हे स्वारीस चटकन उमगले. नाचता येईना अंगण वाकडे, आणि अंगण वाकडे असल्याच्या अहवालाची तर बांधणीसुद्धा झाली होती. सबब हुकूम सुटला, की परवानगीविना काढलेला आकडा हा आकडाच नव्हे. आणि चक्कीच्या खोलीस कुलूप ठोकून किल्ली कोटाच्या खिशात गेली. जाता जाता स्वारीने मृदू स्वरात एवढेच कळवले, की बाईंच्या मुदतवाढीचा कागद सहीस आला आहे.

मामा संतापले. "मी बोलतो समितीपुढे. मला चार महिन्यांनी घरीच जायचंय. माझं काय करणार?"

"तुम्हाला प्रश्न ऐकू तरी येईल का, मामा?" ती म्हणाली. मग तिचा स्वर उतरला. "मी बोलते. तुम्ही दळा."

बोलली खरी. चौदा वर्षांची तात्पुरती चाकरी एका सहीवर टांगलेली, आणि पलीकडे चारशे घरे. तिने मनात दोहोंचा हिशेब मांडून पाहिला नाही. मांडला असता तर कदाचित ती गप्प बसली असती.

आठव्या दिवशी समिती बैठकीच्या खोलीत बसली. विभागप्रमुखांनी अहवाल वाचण्यास आरंभ केला आणि सव्विसाव्या पानावर अध्यक्षाबाईंनी हात वर केला.

"दळण किती वेळ केलंत?"

"पुरेसा वेळ केलं," स्वारी उत्तरली.

"पुरेसा म्हणजे किती?"

स्वारीने पाने उलटली, मग तीच पाने सुलटली. आकडा कोठेच नव्हता, कारण तो कोणी विचारील हे स्वप्नीही नव्हते. तेव्हा भिंतीशी उभ्या फेसवालीचा आवाज आला, पहिला शब्द घोगरा, पुढचे स्वच्छ.

"साठ मिनिटं, मॅडम. आणि तिथेच सगळं बिघडलं."

विभागप्रमुख गरजले, "तुम्ही बाहेर व्हा!"

"थांबा," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "तुम्ही करून दाखवाल?"

"दळायला अकरा मिनिटं. बाकीला तासभर. पण खोलीला कुलूप आहे."

"किल्ली कुणाकडे आहे?"

अध्यक्षाबाईंनी कोणाकडेही न पाहता तळहात पुढे केला आणि तो तसाच ठेवला. मग कडक इस्त्रीच्या कोटातून किल्ली निघाली आणि त्या तळहातावर जाऊन पडली. या मोहिमेत शत्रूचा किल्ला ऐसा सर जाहला. तोफ एकही उडाली नाही.

मामांनी दळले. फेसवालीने चुना, औषध आणि तेल घातले आणि हवा सोडली. फेस येईना. एक मिनिट गेले, सभासद घड्याळे पाहू लागले. तेव्हा विभागप्रमुखांनी तेलाच्या बाटलीस हात घातला.

"सर, हात काढा," ती म्हणाली. मान वर केली नाही.

स्वारीने हात काढला. मग काठाशी एक काळसर बुडबुडा आला, त्यामागून दहा आले, आणि पितळी झाकेची साय टाकीभर पसरली. सुकवून मोजली तो त्र्याऐंशी भाग तांबे, आणि माती नावाला. अध्यक्षाबाईंनी आकडा दोनदा वाचला आणि खाणीच्या कुलपाचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला.

पुढे अहवाल नव्याने लिहिला गेला. त्यात पहिल्या पानापासून विभागप्रमुखांची दूरदृष्टी, मध्ये विभागप्रमुखांचे धैर्य आणि अखेरच्या ओळीत ‘वीज, पाणी व इतर कर्मचारी यांचे सहकार्य लाभले’ ऐसे कलम आहे. स्वारीस आठवी समिती मिळाली. मात्र अध्यक्षाबाईंनी तो अहवाल न वाचताच आज्ञा केली, की खाणीवर मोठ्या टाक्या बसवाव्या आणि त्यांवर या बाईंस कायम नेमावे.

दीड महिन्याने टाक्या चालू जाहल्या. पाळी सुटलेले खाणकामगार डोक्यावरच्या टोप्याही न काढता भोवती गोळा झाले. त्यात तिचा भाऊ होता. त्याने बावीस वर्षे दगड फोडला होता, पुढे त्याचे काय होते हे कधी पाहिले नव्हते. त्याने फेसात बोट घातले आणि बोटाच्या टोकावरचा काळा ठिपका उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला.

"एवढंसंच?" त्याने विचारले.

"एवढंसंच," ती म्हणाली, आणि टाकीची फळी ओढू लागली.

येणेप्रमाणे तांबे फेसावर चढले, मोहीम फत्ते जाहली, चारशे घरे जागेवर राहिली. ही फत्ते फेसाच्या टाकीवरची बाई आणि चक्कीवरचे मामा या दोघांच्या नावे येथे दाखल केली असे.