ढोकीतली उभी बैठक

"पुण्याची टीम सांभाळणं म्हणजे काय मोठं! बाळाचं नामकरणच मी स्क्रमनं पार पाडून दाखवते. बघत राहाल सगळे!"

दीक्षानं हे जाहीर केलं तेव्हा तिच्या एका खांद्यावर बाळ होतं, दुसऱ्यावर ओलं दुपटं होतं आणि दातांत पेनाचं टोपण होतं. अशा अवस्थेत माणसानं मोठ्या घोषणा करू नयेत. पण गप बसली तर ती दीक्षा कसली!

त्याचं असं झालं होतं. दीक्षा ढोकीत सासरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. बाळंतपणाची रजा संपत आली तसा कंपनीतून फोन आला, की नव्या टीमची स्क्रम मास्टर होतेस का? दीक्षा हो म्हणून मोकळी झाली. आणि गावानं आपलं मत दिलं, "आता लेकरू सांभाळावं का कंपनी!" गावाला कुणी विचारलं नव्हतं. पण गाव विचारायची वाट बघत नसतं.

"ते स्क्रम का काय, ते काय असतंय?" नवऱ्यानं, राजपालनं विचारलं. तो साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होता. हंगामात घरी यायचा तो झोपायलाच.

"मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही. ठरलेल्या मुदतीत होईल तेवढा तुकडा घ्यायचा, पुरा करून दाखवायचा, मग पुढचा. त्या मुदतीला स्प्रिंट म्हणायचं."

"म्हंजे उसाचा फड तोडल्यासारखं! मग तू मुकादम."

"मुकादम मुळीच नाही! स्क्रम मास्टरनं हुकूम सोडायचा नसतो. कामातली अडचण काढायची, अन् सगळे नियमानं चालतात का बघायचं."

"हुकूम न सोडणारी सून!" सासरे आबाराव हसले. "होऊ दे मग सुरू."

प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कामाची मालकीण, झाल्या अर्थात सासूबाई, पुतळाबाई. दीक्षानं त्यांना समोर बसवून सांगितलं, "आत्याबाई, कुठलं काम आधी अन् कुठलं मागून, हे फक्त तुम्ही ठरवायचं. मामांनी मधी बोलायचं नाही."

पुतळाबाईंचा चेहरा दिवाळीतल्या करंजीसारखा टम्म फुगला. "लगीन झाल्यापासनं ह्या एका वाक्याची वाट बघायलेय म्या!" आणि नवऱ्याकडं वळून, "ऐकलंव का? मधी बोलायचं न्हाय!"

नामकरणाची सगळी कामं पिवळ्या चिठ्ठ्यांवर उतरली. हा झाला बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी. घरात मोकळी भिंत नव्हती, म्हणून चिठ्ठ्या ओसरीच्या बाहेरच्या भिंतीवर लागल्या. मांडव, आचारी, भंतेजींना निरोप, पाळण्याला रंग. भिंत अशी दिसायला लागली की जणू घराला हळद लागली!

दुसऱ्याच सकाळी भिंतीवर नव्या चिठ्ठ्या उगवल्या. गोधड्या धुणे. परंड्याच्या विहीणबाईंना लुगडं. शेजारणीशी अबोला सोडणे.

"आत्याबाई! स्प्रिंट सुरू झाल्यावर मधी काम घुसवायचं नसतंय."

"मग मालकीण कशाची म्या?"

"बरं, घुसवा. पण एक आत घेतलं तर तेवढंच एक बाहेर काढायचं."

"म्हंजे यष्टीतल्या शिटावाणी!" पुतळाबाईंना पटलं. त्यांनी शेजारणीचा अबोला तेवढा बाहेर काढला.

पण खरा घोटाळा झाला तो रोजच्या सभेत. नियम असा, की रोज सकाळी टीमनं पाव तास उभ्यानं भेटायचं. प्रत्येकानं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. उभं का? तर पाय दुखतात, म्हणून माणूस थोडक्यात आवरतो.

हा नियम ज्यानं काढला, तो ढोकीला कधी आला नसावा! आमच्याकडं माणूस बसलेला असतो तोवर मुका असतो. "येतो मग" म्हणून उठला, एक पाय चपलेत गेला, की तोंड उघडतं. पोरीचं स्थळ, बांधाची भांडणं, ऑपरेशन, सगळं उभ्यानं!

आबारावांनी पहिल्याच सभेत सुरुवात केली, "काल आचाऱ्याकडं गेलतो." मग आचाऱ्याचा बाप, त्या बापाचा बैल, बैल विकला तो बाजार... तोवर चुलीवरचं दूध उतू गेलं, बाळ उठलं आणि राजपाल उभ्याउभ्या घोरायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून राजपालनं ड्यूटीचं कारण काढलं आणि पुतळाबाई मालकीण असल्यानं बसून राहिल्या. टीममध्ये उरले एकटे आबाराव! ओसरीपुढं ते उभे, समोर गजर लावलेला फोन हातात घेतलेली दीक्षा. आबारावांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ते हातानं कान पुढं धरत. गुडघा दुखला की एक पाय उचलून धरत. आणि रस्त्यापलीकडं, चहाच्या हॉटेलात, अख्खी ढोकी कप हातात धरून हे बघत!

पहिल्या दिवशी बातमी झाली, "सून सासऱ्याला उभं करतीय."

दुसऱ्या दिवशी, "एका पायावर!"

तिसऱ्या दिवशी, "कान धरून!"

उसाचे ट्रॅक्टर घरासमोर हळू व्हायला लागले. एका ड्रायव्हरनं तर टेप बंद करून आबारावांना नमस्कार घातला!

शेवटी धनाजी तात्या आले. तात्या म्हणजे आबारावांचे थोरले चुलतभाऊ. भावकीतलं भांडण ते मिटवायचे, आणि नसलं तर आधी लावून मग मिटवायचे. मागं हॉटेलातली माणसं होतीच, कपांसकट.

"आबा, खाली बस!" तात्या गरजले. "ही काय तऱ्हा? म्हाताऱ्या माणसाला शिक्षा?"

"शिक्षा नाही तात्या, सभा आहे," दीक्षा म्हणाली.

"सभेत मान्सं बसत्यात!"

"ह्या सभेत उभी राहतात."

"सासऱ्याला जाब इचारायलीस? काल काय केलंस म्हून?"

दीक्षा तोंड उघडणार तोच आबारावांनी कानावरचा हात काढला. "दादा, कारखान्यातनं रिटायर झालो त्या दिवसापासनं मला एकानंबी इचारलं न्हाय, काल काय केलंस, आज काय करणार. जेवला का, एवढंच इचारत्यात. ही पोर रोज इचारतीय. वर म्हणतीय, मामा, अडचण काय? म्या उभाच राहणार. तुला बसायचं तर बस."

हॉटेलातले कप थांबले. पुतळाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि त्यातूनच म्हणाल्या, "पण बैलाची गोष्ट न्हाय सांगायची!"

तात्या हटले नाहीत. "ही सगळी त्या कंपूटरची करणी. पोरी, ऐतवारच्या कार्यात एकबी गोष्ट कमी पडली, तर त्यो डबा पेटीत घालायचा अन् लेकरू सांभाळायचं. हाय कबूल?"

"आणि नाही पडली तर?"

"तर म्या तुझ्या नोकरीवर पुन्यांदा सबुद काढणार न्हाय."

"कबूल!" दीक्षा एवढ्या जोरात म्हणाली की खांद्यावरच्या बाळानं ढेकर दिला.

नोकरी तिनं कुणाच्या मेहरबानीनं मिळवली नव्हती. धाराशिवच्या कॉलेजला एसटीत उभी राहून शिकली होती ती! ती नोकरी भावकीनं मांडवात तोलायची? पण पाय मागं घेणं तिच्या रक्तात नव्हतं. त्या दिवसापासून झालेल्या कामांच्या चिठ्ठ्या भिंतीवर झपाझप डावीकडून उजवीकडं सरकायला लागल्या. राजपालनं काट्यावरून येऊन झोपेतच पाळणा रंगवला. एक बाजू हिरवी, एक निळी. पण रंगवला!

रविवार उजाडला. मांडव ताठ, आचारी वेळेवर, भंतेजी वेळेच्या आधी. पाहुण्यांना पाणी, म्हाताऱ्यांना खुर्च्या, पोरांना पेपरमिंट. तात्या मांडवभर हिंडले. मीठ तपासलं. खुर्च्या हलवून बघितल्या. कुठं म्हणून कमी नाही! दीक्षा त्यांच्यासमोरून मुद्दाम दोनदा गेली, मान उंच करून.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. भंतेजी हसून म्हणाले, "आता बाळाचं नाव सांगा."

नाव ठेवायचा मान आत्याचा. राजपालची बहीण नंदा सकाळीच परंड्याहून आली होती. ती पुढं झाली, बाळाच्या कानाशी वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग हळूच, "दादा, नाव काय?"

"मला काय ठाव? आईनं ठरवलंय की."

"म्या? म्या म्हटलं दीक्षानं ठरवलंय!"

सगळ्यांनी दीक्षाकडं बघितलं. दीक्षानं भिंतीकडं बघितलं. पेपरमिंटची चिठ्ठी होती. खुर्च्यांची होती. नावाची चिठ्ठीच नव्हती! ज्याच्यासाठी हा सगळा मांडव, तेवढंच एक काम कुणालाच सुचलं नव्हतं!

तात्यांचं हसू एका कानापासून दुसऱ्यापर्यंत गेलं. "पेटी कुठंय गं तुमची?"

दीक्षा उठली. नंदाच्या हातून तिनं बाळ घेतलं. हंगामात कारखान्याच्या मळीचा वास घरभर भरलेला असायचा. पहाटे पाजताना ती बाळाच्या टाळूवर नाक टेकायची, आणि तो सगळा वास विरून जायचा. तेव्हा ती एका नावानं बाळाला हाक मारायची. कुणाला सांगितलं नव्हतं. ते फक्त दोघींचं होतं.

"आत्याचा मान मोठा, पण आज नाव आई ठेवणार," ती मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली. "कस्तुरी! आता सांगा, काय कमी पडलं?"

भंतेजींनी "साधू, साधू" म्हटलं. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघताबघता सगळा मांडव हसायला लागला. आचारी झारा घेऊन बाहेर आला.

राजपाल तिच्या कानाशी लागला. "अगं, तात्यांच्या म्हशीचं नाव हाय ते!"

दीक्षानं चमकून तात्यांकडं बघितलं. पण तात्यांचे डोळे पाण्यानं डबडबले होते! "लई गुणाची हाय माझी कस्तुरी," ते नाक पुसत म्हणाले. "पोरी, काय बी कमी पडलं न्हाय. उलट एक वाढली. चालव तुझा कंपूटर!"

सोमवारी दीक्षा पुण्याच्या टीमची स्क्रम मास्टर झाली. त्याच संध्याकाळी घरची शेवटची सभा झाली, काय चुकलं ते शोधायची. ही बसून. राजपाल चाचरत म्हणाला, "तेवढं नाव बदलायचं का?"

"बदलायचंच असलं तर तात्यांनी म्हशीचं बदलावं!" दीक्षा कडाडली.

निरोप गेला. तात्यांचं उत्तर आलं, "तिचं आधी ठेवलंय. मागून आलेल्यानं बदलावं."

दोन्हीकडून अजून कुणी हटलेलं नाही. संध्याकाळी तात्या गोठ्यातून "कस्तुरे, ये गं" अशी हाक घालतात. इकडं पाळण्यातलं बाळ खुदकन हसतं, आणि तिकडं म्हैस मानसुद्धा वळवत नाही.