खुर्चीवरचा कोट

चित्रासाठी बसायचं तर माझ्यासारखा रुबाबदार माणूस शोधून सापडणार नाही, असं मी आमच्या हिला छातीठोकपणे सांगितलं होतं. मी रिटायर झालो आणि ही चित्रकलेच्या क्लासला जायला लागली. भोपळा रंगवून झाला, सुरई झाली, शेजारणीचं मांजरसुद्धा झालं, माझा नंबर काही लागेना! मला हवं होतं ते एवढंच, हिने पूर्वीसारखं माझ्याकडे टक लावून बघावं. चित्रासाठी का होईना!

मग मीच लग्नाआधी शिवलेला काळा कोट ट्रंकेतून उकरून काढला. पोट आत ओढलं, श्वास रोखला, बटण लावलं आणि ऐटीत खुर्चीवर बसलो. बसतोय तोच बटण सुटलं, ते थेट हिच्या रंग कालवायच्या ताटलीत! पाठोपाठ पाठीची शिवण टराटर उसवली. ही हसलीही नाही. म्हणाली, कोट काढून खुर्चीवर टाका आणि तुम्ही जरा गॅसवरचं दूध बघा. मी दूध बघत उभा राहिलो आणि हिने नुसता कोटच रंगवला.

क्लासच्या प्रदर्शनात त्या चित्रापुढे ही गर्दी! हिचे सर समजावून सांगत होते. काळा कोट म्हणजे पुरुषाचा आब, रिकाम्या बाह्या म्हणजे विरह आणि सुटलेलं बटण म्हणजे अकाली सुटलेली साथ. झालं! बायका हिचा हात हातात घेऊन डोळे टिपू लागल्या. एका आजोबांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बाईंचे मिस्टर जाऊन किती दिवस झाले? मी म्हटलं, अहो, मीच तो! त्यांनी चित्रातला कोट पाहिला, माझं पोट पाहिलं आणि दुसऱ्याच्या दुःखाची चेष्टा करू नये म्हणून मलाच सुनावलं.

मी तडक हिच्याकडे गेलो.

"अगं, सांग की यांना, मी धडधाकट आहे म्हणून."

ही चित्राकडे बघत होती. मला हवं होतं ना, अगदी तसंच.

"सांगते हो," ती म्हणाली. "तुम्ही आहातच. पण हा कोट घालून जो मला भेटायला यायचा, फाटकाशी थांबून आधी केस नीट करायचा, त्याची मला फार आठवण येते."

मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि चित्राकडे बघायला लागलो. हसू नका, पण मलाही त्याची फार आठवण आली.