वाक्य पुरं करणाऱ्या शालूताई

आमच्या शेजारी शालूताई जाधव राहतात, आणि शेजार झाल्यापासून त्यांच्यासमोर मला माझं एकही वाक्य स्वतः संपवता आलेलं नाही. ते त्या संपवतात. आणि बहुतेक वेळा चुकीचं संपवतात.

मी कुंपणाशी जाऊन "ताई, आज आमच्याकडे..." एवढं म्हणायचा अवकाश. "पावणे येणार, दूध हवंय. थांबा!" म्हणून त्या आत जातात आणि तांब्याभर दूध घेऊन येतात. मला म्हणायचं असतं की आमच्याकडे लाईट गेली आहे, तुमच्याकडे आहे का. पण प्रेमाने दिलेलं दूध परत कसं करणार? एका आठवड्यात आमच्याकडे तीनदा खीर झाली तेव्हा बायकोने मला कुंपणापाशी जायला बंदी केली.

पलीकडच्या आळीतल्या मधूची गोष्ट तर आमच्या अख्ख्या बोर्ली पंचतन गावात झाली. मधू सकाळी घाईघाईने आला आणि म्हणाला, "ताई, आमचे आबा..." शालूताईंनी पुढचं ऐकलंच नाही. "गेले? अगं आई गं!" म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, त्याने आळी गोळा झाली. कोणी बांबू आणायला निघालं, कोणी मुंबईच्या मुलीला फोन लावला. शेवटी कोण गेलं ते बघायला आबा स्वतः काठी टेकत बाहेर आले. त्यांनी फणस कापला होता आणि शालूताईंना गरे न्यायला बोलावलं होतं. त्या गरे घेऊन आल्या. वर मधूलाच म्हणाल्या, "नीट बोलायला शिक जरा."

अशा या शालूताई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेलेली, यजमान आम्ही इथे राहायला येण्याआधीच वारलेले. दिवसभर करायचं काय? एकदा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली की तालुक्याच्या कोर्टाला गावोगाव विधी स्वयंसेवक हवे आहेत. शालूताईंनी नोटीस अर्धी वाचली आणि उरलेली आपल्या मनाने पुरी केली. संध्याकाळी त्या पांढरी साडी आणि नवं काळं ब्लाउज घालून आमच्या पडवीत उभ्या.

"सर, मी वकील होतेय."

मी पडलो शाळामास्तर; नोटिशीचा फोटो मागवून घेतला आणि त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवला. यात वकिली नव्हती. शिक्षण किमान दहावी, वागणूक चांगली, लोकांत मिसळायची आवड, एवढ्यावर मुलाखत. मुलाखतीत निवड झाली तर अलिबागला थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, मग ओळखपत्र. काम असं की ज्याला कोर्टकचेरीतलं काही कळत नाही त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, कुठल्या कचेरीत जायचं ते सांगायचं, गरज असेल तर फुकट वकील मिळवून द्यायचा. खटला आपण चालवायचा नाही.

मला वाटलं बाई हिरमुसतील. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे माणसाला बरोबर दारापर्यंत पोचवायचं. व्हय ना? आवो, तेच तर केलं मी जल्मभर! किती बाया कचेरीच्या पायरीवरून माघारी येतात, त्यांचं ऐकून घ्यायला कोण न्हाय म्हणून. मला हे पायजेच, सर. घरात भिंतींशी किती बोलू?"

हे शेवटचं वाक्य त्या हसत बोलल्या, पण मला ते लागलं. त्या दिवसापासून त्यांचं ओळखपत्र हा आमच्याही घरचा प्रश्न झाला.

पहिल्या मुलाखतीला मी बरोबर गेलो होतो. बाहेरच्या बाकावर आतलं सगळं ऐकू येत होतं. मुलाखत घ्यायला एक न्यायाधीशबाई होत्या, आवाज अगदी शांत.

"समजा, एक बाई तुमच्याकडे आली. तिचा नवरा..."

"मारतो!" शालूताई कडाडल्या. "त्याला आधी पोलिसात..."

"बेपत्ता आहे, असं म्हणत होते मी."

"व्हय, व्हय. बेपत्ता. दारू पिऊन कुठं तरी..."

"समुद्रात गेलेली होडी परत आली नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. निघताना मात्र त्या बाईंनी शालूताईंना दारापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "कायदा आम्ही शिकवू हो. ऐकणं तेवढं तुम्ही घरून शिकून या. पुढच्या वेळी नक्की या."

परतीच्या एसटीत शालूताई एक शब्द बोलल्या नाहीत. कंडक्टरने "बोर्ली..." म्हटलं, तरी त्यांनी "पंचतन" म्हटलं नाही. मी खरंच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्याच उपाय घेऊन. आमच्याकडे सुपारीला काही तोटा नाही. त्यांनी एक अख्खी, न फोडलेली सुपारी गालात धरली आणि हाताने खूण केली, बोला. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत सुपारी तोंडातून काढायची नाही, असा नियम. मग रोज संध्याकाळी आमच्या पडवीत शिकवणी सुरू झाली. मी शाळेतल्या गमती सांगायचो. तोंड बंद असलं तरी शालूताईंच्या भुवया वाक्य पुरं करायच्या, हात पुरं करायचे, कधी कधी तर मांडी हलायला लागायची. सुपारी या गालातून त्या गालात गडगडायची.

या सोयीचा खरा फायदा माझ्या बायकोने घेतला. मध्ये न बोलणारं माणूस तिला लग्नानंतर प्रथमच मिळालं होतं. तिने साखरपुड्यापासून सुरुवात केली. माझे एकेक पराक्रम मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. ती दम घ्यायला थांबली तेव्हा शालूताईंनी सुपारी काढली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मंग? पुढं काय झालं, वहिनी?"

"जमलं!" मी आतून ओरडलो. बायको म्हणाली, "बघा, यांना मध्ये बोलायची सवयच आहे."

दुसऱ्या मुलाखतीत शालूताईंची निवड झाली. अलिबागचं प्रशिक्षण झालं, गळ्यात ओळखपत्र आलं आणि बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर त्यांचं टेबल लागलं. पहिल्या दिवशी मीही जाऊन बसलो, काही गडबड झालीच तर सावरायला.

तिसरा माणूस आला तो एक गवंडी. दाखल्यावर त्याच्या आईचं नाव चुकलं होतं. पण ते सांगताना तो पहिल्याच शब्दाला अडकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. मान लाल झाली. रांगेतला एकजण म्हणाला, "दाखला हवा हाय त्याला." दुसरा म्हणाला, "न्हाय, रेशनचं असेल." कोणी तरी हसलं.

शालूताईंनी हात वर केला. "गप ऱ्हावा. तो सांगतोय ना."

त्या थांबल्या. ओठ हलत होते त्यांचे, पण आवाज फुटू दिला नाही. गवंडी हळूहळू, अडखळत, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलला. शालूताईंनी कुठे जायचं ते समजावलं. जाताना त्याने हात जोडले. मीच डोळे पुसायला चष्मा काढला.

घरी येताना मी म्हणालो, "ताई, आज तुम्ही कमाल केलीत."

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "आमचे हे असेच अडकायचे, सर. तुम्ही बघितलं न्हाय त्यांना. लोक हसायचे. मला लई राग यायचा. मंग कुणी हसायच्या आत मीच पुरं करून टाकायची. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडं. एसटी स्टँडच्या कँटीनात हे म्हणायचे, 'मला...' मी म्हणायची, कांदाभजी. मुकाट खायचे."

"आवडत असेल त्यांना," मी म्हणालो.

"मला पण तसंच वाटायचं. हे गेल्यावर काही महिन्यांनी न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांच्यासंगं काम करणारा दोस्त आला होता भेटायला. मी त्याच्यापुढं भजी ठेवली. म्हटलं, यांच्या आवडीची. तो म्हणाला, 'वहिनी, जाधवला कांदा सोसायचा न्हाय. पोटात आग पडायची. मी इचारलं एकदा, मंग खातोस कशाला? तर म्हणाला, शालू किती हौसेनं मागवते.'"

एवढं बोलून शालूताई हसल्या. डोळे भरले होते, पण हसणं खरं होतं.

"त्याच्यापाशी मात्र आमचे हे सगळं पुरं बोलले बघा. त्यानं बोलू दिलं."

मला त्यांना काही तरी सांगायचं होतं. त्या माणसाला आपल्या बायकोबद्दल काय वाटत असेल ते मला स्पष्ट दिसत होतं. "ताई, त्यांना तुमच्या..." म्हणालो आणि मीच अडकलो, पुढचा शब्द येईना. शालूताई रस्त्यातच थांबल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"सावकाश बोला, सर," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."