दुधीचा रस आणि न वाचलेला लेख

त्या मंगळवारी, चहा होईपर्यंत एखादा लेख पाठवून टाकू, एवढंच मी ठरवलं होतं. इंटरनेटवर सापडलेलं काहीतरी वाचनीय रोज सकाळी 'आपली मंडळी' ग्रुपवर टाकायचं, हे व्रत मी तीन वर्षं पाळतोय. (लेख वाचनीय असतो. मी तो वाचतोच असं नाही.) त्या दिवशीचं शीर्षक होतं, 'दुधीचा कडू रस प्यायल्यावर शरीरात काय होतं? जरूर वाचा!' मी वर 'अमृतच!' असं लिहून पाठवलं आणि तुकोगंजला ऑफिसात जाऊन बसलो.

अकराच्या सुमाराला फाइल कंटाळवाणी होती, म्हणून तोच लेख उघडला. तिसऱ्या ओळीत उलट्या होत्या. पाचव्या ओळीत रक्तदाब कोसळत होता. सातवी ओळ वाचायची माझी हिंमत झाली नाही. कडू लागणारा दुधी विषारी असू शकतो, एक घोटही घेऊ नका, असं बजावणारा लेख होता तो!

घाईघाईने ग्रुप उघडला. सत्तावीस जणांत एकच उत्तर आलं होतं, दत्तोकाकांचं. 'छान. आजपासूनच सुरू केलं.'

दत्तोकाका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. वय चौऱ्याहत्तर, रेल्वेतून रिटायर, राहायला बडा गणपतीजवळ. त्यांना फोन लावला, उचलेनात. शारदाकाकूंचा बंद. शेवटी बायकोला लावला.

"सुरभी, माझ्या हातून दत्तोकाका गेले बहुतेक."

"कुठे गेले?"

"अगं, कडू दुधी प्यायले! मी पाठवलेला लेख बघून!"

"तुम्ही वाचला नव्हता?"

"शीर्षक वाचलं होतं."

"आणि आता काय केलंत?"

"मेसेज डिलीट केला." (सगळ्यात आधी तेच केलं होतं, हे प्रांजळपणे सांगतो.)

"वा! म्हणजे पोलिसांना आता शंकाच उरली नाही. अहो, फोन ठेवा आणि पळा!"

बडा गणपतीला पोचलो तर दाराला कुलूप. खालच्या किराणा दुकानातून लक्ष्मण म्हणाला, "भिया, काकाजी को तो डॉक्टर के यां ले गए, तुकोगंज. सुबे से मुंह पे गमछा दबा के बैठे थे. एक कौर नी खाया."

तोंडावर गमछा! तिसरी ओळ!

मी जिथून आलो तिथेच परत निघालो. स्कूटर आपोआप नागमोडी चालत होती. सगळे सिग्नल मात्र पाळले. (एका दिवसात एकच गुन्हा पुरे.) शारदाकाकूंनी मला लहानपणी मांडीवर खेळवलेलं. आता त्या समोर उभ्या राहतील आणि तो लेख मोठ्याने वाचून दाखवायला सांगतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दवाखान्यात काका बाकावर बसले होते. जिवंत! एक गाल बटाटेवड्याएवढा फुगलेला.

"काका, किती प्यायलात?" मी दारातूनच ओरडलो.

सगळे पेशंट त्यांच्याकडे वळून बघू लागले.

"हृषी, हळू बोल रे," काकू ओशाळून म्हणाल्या. "हे कधी घेत नाहीत."

"दुधीचा रस, काकू! माझा लेख वाचून!"

"कसला रस? दाढ ठणकतेय त्यांची."

काका गमछा बाजूला करून कण्हत म्हणाले, "तुझे लेख मी उघडतच नाही रे, बेटा. आजपासून मॉर्निंग वॉक सुरू केला, ते मुलीला, प्रमोदिनीला कळवत होतो. चुकून ग्रुपवर तुझ्या लेखाखाली पडलं."

मला इतकं हायसं वाटलं, की मी सरळ जमिनीवरच बसलो. नर्स धावली. बीपी एकशे सत्तर निघालं. मला कॉटवर झोपवलं आणि ठणकती दाढ सांभाळत काकाच माझं कपाळ चोळत बसले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि आठ दिवस मोबाइल बंद.

आठ दिवस मी एकही लेख पाठवला नाही. नवव्या दिवशी ग्रुप उघडला. लोक काळजीत असतील, चौकशा केल्या असतील...

एकच मेसेज होता, यमुनावहिनींचा. 'हल्ली ग्रुपवर किती प्रसन्न वाटतं ना! कुणी काही सेटिंग बदललं का?'

त्याखाली पंचवीस अंगठे. पहिला सुरभीचा.