मागेल तेवढं पाणी

"बबन, हळीव लई तान्हेला असतो बाबा. मागंल तेवढं पाणी पाजावं त्याला." धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी चुलीपाशी ऐकलेला आत्याचा हा आवाज गुरुवारी सकाळी, काळेवाडीच्या स्वयंपाकघरात, बबनरावांच्या कानाशी पुन्हा आला.

त्यांच्या चाकणच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. बाळंतपणाला आलेली लेक विजयश्री रविवारी तान्ह्या पोरीला घेऊन सासरी लातूरला निघणार होती. बबनराव आत्तापासूनच दिवस मोजत होते. पण मुलीच्या बापानं 'राहा' म्हणू नये, असं ते धरून चालत. म्हणून बोलण्याऐवजी त्यांनी तिच्यासाठी हळिवाचे लाडू करायला घेतले. तयार लाडवांचा भाव ऐकून ते उलट्या पावली फिरले आणि वाण्याकडून सुटा हळीव घेऊन आले, चांगला अर्धा किलो. बायको कुसुमताई मोशीला बहिणीकडे गेलेल्या. लेक बाळाजवळ निजलेली. विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

पातेल्यात हळीव, वर नारळाचं पाणी. तासाभरानं बघतात तर पाणी गायब. बबनरावांचा सगळा जन्म मशीनच्या कूलंटवर नजर ठेवण्यात गेलेला. लेव्हल उतरली की टॉप-अप, हे हाताला सांगावं लागत नसे. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. हळीव ते प्यायला. दुसरा तांब्याही प्यायला. पातेलं पुरेना म्हणून बादली आली. दुपारी मण्यांसारखे टपोरे, गुलबट दाणे एकमेकांना बिलगून बादलीच्या काठावरून सावकाश खाली उतरू लागले, तेव्हा बाळाचा नवाकोरा टब धुऊन घ्यावा लागला.

एवढ्या हळिवाला गूळही तसाच हवा, खोबरंही. स्वस्तातल्या लाडवांसाठी गुळाची ढेप आली, पोत्यातून नारळ आले. शेजारचे सोपानराव नारळ फोडायला बसले आणि गिरजाबाई खवायला. घरची कढई पुरेना, म्हणून मंडळाची आणली. ती शेगडीवर बसेना, म्हणून मंडळाची भट्टीही दारात पेटली. वास गल्लीभर गेला. कोपऱ्यावरचे दोघं तर बारसं समजून पाय धुऊन आले.

संध्याकाळी कुसुमताई परतल्या आणि टब पाहून उंबऱ्यातच बसल्या.

"अहो, भिजवला तरी किती?"

"अर्धा किलो."

"अर्धी वाटी भिजवत्यात! आन पाणी?"

"मागेल तेवढं."

"तो मागतच राहतो. थांबायचं आपण असतं."

गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. बाळाला खांद्यावर घेऊन विजयश्री बाहेर आली.

"आप्पा, हे मी रविवारी नेऊ कशी?"

"डबे भरून देतो की."

"ओलं खोबरं हाय त्यात. लातूर येईस्तोवर वास मारंल."

बबनराव कढई ढवळत राहिले. "मग इथंच बसून खा."

"आन सासरी काय सांगू?"

"सांग, हळीव संपला न्हाई."

"हळिवाचं नाव कशाला सांगू आप्पा? खरं काय ते सांगा ना."

बबनरावांनी उलथनं कढईच्या काठाला टेकवलं.

"राहा गं अजून महिनाभर," ते म्हणाले. "तू गेलीस की घर खायला उठतंय मला."