काशीफळ सुटलं

मुंबई राज्यात सामील झाल्यापासून आमच्या गंगाखेडच्या तहसील कचेरीत पुष्कळ बदललं. मिसल गेली, फाईल आली. पेशकार गेले, अव्वल कारकून आले. निजामाने आमच्याकडून घ्यायचं ते घेतलं, पण आम्ही काय खातो याची चौकशी कधी केली नाही. नव्या सरकारने मात्र थेट ताटात डोकावलं. ऐन उन्हाळ्यात एक डॉक्टरसाहेब आले आणि कचेरीच्या व्हरांड्यात घाम पुसत बोलले, "रोज प्रत्येकाच्या पोटात भाजी आणि फळ गेलंच पाहिजे! असं आदर्श कुटुंब आहे का इथे कुणाचं?"

सगळे कारकून आढ्याकडे बघू लागले. माझा हात वर गेला. (अव्वल कारकुनाची जागा रिकामी होती. अशा वेळी हात विचारून वर जात नाही.)

"वा! मग रविवारी तुमच्याकडेच जेवतो," साहेब म्हणाले.

घरी येऊन मी जाहीर केलं, "उद्यापासून या घरात रोज भाजी आणि फळ!"

सुमंगला पिठलं घोटत होती. तिने मान वर केली नाही. "भाजी रोज असतीच. ताटातली मेथी गायीला कोण घालायलंय?"

"बाबा!" आमची हेमा आनंदाने ओरडली. (मुलगी अभ्यासात एवढी तत्पर असती तर!)

मी रागारागाने पिशवी उचलली. बाजारात सुकलेली वांगी सोडली तर शुकशुकाट. फक्त गोजरबाई माळणीपुढे एक काशीफळ बसलं होतं. हो, बसलंच होतं, थेट आमच्या तहसीलदारांसारखं. साधा लाल भोपळा, पण काय तो रुबाब!

"ही भाजी का फळ?" मी विचारलं.

"शिजवायला भाजी हाय अन् नावात फळ हाय. आणखी काय पायजे, मालक?"

सरकारच्या दोन्ही अटी एकाच देठाला लटकलेल्या! मी ते खांद्यावर घेतलं. मान आजही एका बाजूला कलते.

रविवारी सकाळी सुमंगला विळी माझ्यापुढे सरकवून बाजूला झाली. "अख्खं काशीफळ बायकांनी कापायचं नसतं. पहिला घाव तुमी घाला."

विळीने साधा ओरखडा उठेना. शेवटी मी जळण फोडायची कुऱ्हाड काढली, देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि घाव घातला. डोळे उघडले तेव्हा काशीफळ उंबरा ओलांडत होतं.

आमची गल्ली म्हणजे सरळ नदीकडे जाणारा उतार. काशीफळ पुढे, मी मागे. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्यात कुऱ्हाड. (ती घरी ठेवायचं सुचलं नाही. धावताना मला एका वेळी एकच गोष्ट सुचते.) आणि समोरून छत्री घेऊन डॉक्टरसाहेब चढ चढत होते!

"साहेब, आडवा पाय घाला!" मी ओरडलो. "सोडू नका! आज फोडायचंच आहे!"

साहेबांना काशीफळ दिसलं नाही. मी दिसलो. छत्री टाकून ते वळले आणि पळत सुटले.

"अगं बया!" शेजारच्या दारातून दगडाबाई किंचाळली. "कारकुनाला याड लागलं! सायबाला तोडायलाय!"

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लिंबाजीचं दार उघडं होतं. साहेब आत घुसले आणि त्यांनी कडी लावली. पाठोपाठ काशीफळ त्याच दारावर आदळून फुटलं. आतून किंकाळी आली.

"साहेब, भिऊ नका! भाजी आहे!" मी दार ठोठावलं.

"मला नको भाजी!" आतून साहेब रडवेल्या आवाजात ओरडले. "आयुष्यात नको!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं.

मी कुऱ्हाड घरी ठेवून परत येईपर्यंत गल्लीतल्या बायकांनी फोडी पदरात भरून नेल्या होत्या. दारापुढची मोठी फोड लिंबाजीच्या बायकोने, छबूबाईने, उचलली. घाबरलेल्या पाहुण्याला तिने गूळपाणी दिलं, पाठोपाठ गरम भाकरी आणि गूळ-मिरचीची काशीफळाची भाजी. साहेब दोनदा मागून जेवले. मी दारात हात जोडून उभा. आमच्या घरी त्या दिवशी पिठलं झालं.

सोमवारी तहसीलदारांनी बोलावलं. "आदर्श कुटुंब म्हणून साहेबांनी लिंबाजीचं नाव दिलंय. म्हणाले, न सांगता गेलो तरी घरात ताजी भाजी!"

"आणि माझ्याबद्दल काही, साहेब?" मी सदऱ्याची बटणं नीट केली.

"आहे ना. फार काळजीत होते. म्हणाले, या माणसाच्या डोक्यात उष्णता चढली आहे. उन्हाळा संपेपर्यंत याला नुसता उकडलेला दुधी द्या. मीठ नाही, तिखट नाही. तुमच्या घरी निरोप धाडलाय."

मी धावतच घर गाठलं. सुमंगलाने दुधी उकडून, पाट मांडून, ताट वाढून ठेवलं होतं. सरकारी हुकमाची इतकी तातडीची अंमलबजावणी मी उभ्या नोकरीत पाहिलेली नाही.