नुसत्या भिंतीसाठी रोल

“येताना कॅमेऱ्यात घालायला एक रंगीत रोल आणा,” एवढंच बायको म्हणाली होती. दुसरा कुणी असता तर रोल आणून मोकळा झाला असता. पण हे काम तिने चौकशीसाहेबांना सांगितलं होतं.

चौकशीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते बिलं तपासणारे साधे कारकून होते. पण टूथब्रश घ्यायचा झाला तरी टेबलाटेबलापाशी जाऊन ‘तुमचा कुठला? मऊ की कडक? हिरड्या काय म्हणतात?’ असं विचारत फिरायची त्यांना खोड होती, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना साहेब करून टाकलं होतं. (पगार न वाढता मिळालेली ही त्यांची एकुलती एक बढती.)

रोल हवा होता तो भिंतीसाठी. इतकी वर्षं घरमालकांच्या पांढऱ्या भिंतींकडे बघत संसार केल्यावर दोघांनी नुकतंच स्वतःचं घर घेतलं होतं, आणि बाहेरच्या खोलीतली मोठी भिंत बायकोने आपल्या मनातल्या रंगाने रंगवून घेतली होती. अबोली! केशरीही नाही आणि गुलाबीही नाही, त्या दोघांच्या मधे अंग चोरून बसलेला रंग. रंगारी कालवून कालवून रडकुंडीला आला, तेव्हा कुठे तो जमला. आता तिला त्याच रंगाचे पडदे हवे होते. तिची धाकटी बहीण दूरच्या शहरात कापड रंगवण्याच्या कारखान्यात होती. ती फोनवर म्हणाली, “ताई, तू फक्त रंग कळव. हुबेहूब तसं कापड काढून पाठवते.” आता फोनवरून अबोली कशी कळवायची? म्हणून फोटो.

“एक रंगीत रोल द्या,” साहेब फोटोच्या दुकानात म्हणाले.

“शंभरचा, दोनशेचा की चारशेचा?”

दुकानदाराने हे विचारायला नको होतं.

“फरक काय?”

“शंभरला उजेड जास्त लागतो, पण फोटो मऊसूत येतो. चारशे अंधारातही चालतो, पण फोटो मोठा केला की दाणे दिसतात.”

“आणि दोनशे?”

“दोन्हींच्या मधला.”

“म्हणजे दोन्हींचे दोष थोडे थोडे?”

मागे रांग लागायला लागली. दुकानदाराने घाईघाईने विषय बदलला. (ही त्याची दुसरी चूक.) “हे बघा, माणसं काढायची असतील तर हा घ्या. चेहरे गोड येतात. झाडं, डोंगर, समुद्र असेल तर हा. रंग असे उठून दिसतात की बघत राहाल!”

“मला भिंत काढायचीय.”

“बरं. भिंतीपुढे कोण?”

“कोणी नाही.”

“भिंतीवर काही टांगलेलं?”

“काही नाही. नुसती भिंत.”

दुकानदाराने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. भिंतीचा फोटो काढणारा माणूस आता त्याला जास्त स्पष्ट दिसत होता.

“शेजाऱ्याशी वाद आहे का?” रांगेतल्या एका वकिलाने आशेने विचारलं.

“भिंत आतली आहे.”

“आतली म्हणजे घरचीच झाली की!” मागच्या आजीबाई म्हणाल्या. “द्या हो त्यांना माणसांचा रोल, आणि माझ्या नातवाचे फोटो द्या. उभं राहून पाय भरून आले माझे.”

“पण दाखवायचाय काय? रंगच ना?” वकिलाने मुद्दा मांडला. “मग रंग उठून दिसणाराच घ्यायला हवा.”

साहेबांना हे पटलं. आजीबाईंचा विरोध नोंदवून घेऊन बहुमताने डोंगरसमुद्राचा रोल खरेदी करण्यात आला.

रविवारी साहेबांनी भिंतीचे फोटो काढले. उभे काढले, आडवे काढले, जवळून काढले, दिवा लावून काढले, विझवून काढले. बायको तेवढ्यात चांगले कपडे घालून, केस नीट करून भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

“जरा बाजूला हो. रंग झाकला जातोय,” साहेब म्हणाले.

(संसारात काही वाक्यं अशी असतात, की ती म्हणणाऱ्याला आपण काय म्हणालो ते बऱ्याच उशिरा कळतं.)

फोटो आले ते राखाडी. सगळेच्या सगळे! पावसाळी आभाळाचे फोटो काढून आणावेत तसा तो गठ्ठा दिसत होता.

“भिंत अबोली आहे हो आमची!” साहेब दुकानदारावर ओरडले.

“असेल. पण सगळे फोटो नुसते केशरट येत होते. मला वाटलं, रोलच बिघडलाय. मशीनवर बसून एकेक सुधारला मी!” दुकानदार म्हणाला. त्याची आभाराची अपेक्षा होती.

“पुन्हा छापा. अबोली छापा.”

“माझ्या मशीनला अबोलीचं बटण नाही. लाल आहे, पिवळं आहे. तुम्ही सांगा, मी दाबतो.”

मग साहेब त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. “अजून थोडं लाल. नाही, रागावल्यासारखं नको, लाजल्यासारखं. आता पिवळं. अहो, कावीळ नाही झालेली भिंतीला!” असं करत दुकान बंद व्हायच्या सुमारास एक फोटो असा निघाला, की दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

घरी येऊन साहेबांनी तो बाहेरच्या खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली भिंतीला लावून धरला. फोटो कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना!

“उद्या दिवसाउजेडी एकदा बघू या का?” बायकोने विचारलं.

“किती ती चौकशी!” साहेब म्हणाले, आणि पाकीट चिकटवून मोकळे झाले.

पडदे आले. मेहुणीने शब्द पाळला होता. फोटो आणि पडदा यांत तसूभर फरक नव्हता. फरक होता तो फोटो आणि भिंत यांत. पडदे नारिंगी होते. नारिंगी म्हणजे, ते लावल्यावर समोरच्या घरातल्या काकू ‘काही जळतंय का?’ म्हणून विचारून गेल्या. त्या भडक्याशेजारी बिचारी अबोली भिंत आजाऱ्यासारखी पांढरीफटक दिसायला लागली.

बायको काही बोलली नाही, हीच तर भीती होती. भिंतीवर अबोली आणि घरात अबोला. टेबलावर चहा येत होता, पण ‘चहा ठेवलाय’ येत नव्हतं. साहेबांनी ‘उन्हाने उतरेल रंग’, ‘डोळ्यांना सवय होते’, अशी दोनचार वाक्यं खोलीत सोडून पाहिली.

अशात मेहुणी पाहुणी आली. दारातच थबकली. एकदा पडद्यांकडे, एकदा भिंतीकडे बघत म्हणाली, “अगं ताई, भिंत किती गोड आहे! मग तो भडक फोटो कशाचा पाठवला होतात? मला वाटलं, भाऊजींची आवड. बोलायचं कसं?”

“त्याचं असं झालं,” साहेबांनी सुरुवात केली, आणि शंभर, दोनशे, चारशे, वकील, आजीबाई, लाल बटण, पिवळं बटण, पिवळा दिवा, सगळं सविस्तर सांगितलं. मेहुणीने शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “उरलेला रंग नव्हता का घरात?”

“आहे की. माळ्यावर अर्धा डबा आहे.”

“मग त्यात ब्रश बुडवून कागदावर एक फटकारा मारायचा, वाळवायचा आणि कागद पाकिटात घालून पाठवायचा. झालं.”

मग बायकोच्या तोंडून खुदकन आवाज आला. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. ती मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “मलाही नाही गं सुचलं! मलाही नाही!” ती म्हणत होती. मग मेहुणी हसली, काय जळतंय ते पुन्हा बघायला आलेल्या काकू हसल्या.

“आता तरी आणा तो डबा खाली,” बायको डोळे पुसत म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती. त्या आनंदात साहेब धावत जाऊन स्टूल घेऊन आले, वर चढले, माळ्यात हात घातला आणि तिथेच थांबले.

“पण कागद कुठला घ्यायचा?” त्यांनी वरून विचारलं. “गुळगुळीत की खरखरीत?”